मंडळींसह जुहू ते नाशिक

आमच्या मंडळींना विमानात बसवणं म्हणजे दाढ दुखत नसलेल्या माणसाला माझ्या खुर्चीत बसवण्याइतकं अवघड. मी दातांचा डॉक्टर. अंधेरी स्टेशनच्या अलीकडे दवाखाना आहे. आठवडाभर लोकांच्या जबड्यांत डोकं घालून झालं, की रविवारी जुहूच्या विमानतळावर जातो आणि क्लबचं छोटं विमान उडवतो. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला नाटकाचा; मला हा. नाद खर्चिक आहे आणि बिनकामाचा आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा वाचकांनी ते मला पुन्हा कळवू नये.

पण या वेळी सुमती, म्हणजे आमची सौभाग्यवती, आपणहून म्हणाली, ‘मला न्या.’ ती असं का म्हणाली ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसती मौज वाटेल. पावसाळा सरता सरता आमच्या क्लबातले दिघे गेले. जुहूहून समुद्राच्या अंगाला उडाले, किनारा ओलांडतात तोच इंजिन बंद पडलं आणि विमान पाण्यात गेलं. दिघे आणि मी एकाच वेळी उडायला शिकलो होतो. दिघेवहिनी आणि सुमती यांचं तर रोजचं जाणंयेणं. दिवसकार्य होईपर्यंत सुमती रोज त्यांच्यापाशी जाऊन बसली, आणि घरी येऊन मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मी दोन रविवार घरी काढले आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा जुहूला गेलो. आमच्या घरात त्या महिन्यात फक्त भांडी बोलत होती.

दिवाळीनंतर एका दुपारी ताक वाढता वाढता ती म्हणाली, ‘एकदा मला तुमच्याबरोबर न्या. काय आहे ते मी डोळ्यांनी बघते. मग मी सांगेन ते ऐकायचं.’

‘बंद करा म्हणालीस तर?’

‘तर बंद.’

मी शब्द दिला. वर्षानुवर्षं जिच्या तोंडून नाही म्हणून ऐकलं नाही, ती एकदाच काही मागत असेल तर माणूस काय करणार?

नाशिकला जायचं ठरलं. सुमतीचं माहेर वसईचं, पण आईवडील गेल्यावर तिला मायेचं माणूस उरलं ते एकच, तिची नाशिकची मावशी. शनिवारी सकाळी निघायचं, मावशीकडे रात्र काढायची, रविवारी सकाळी परत. मी आठवडाभर आधीपासून तिला सूचना देत सुटलो. छोट्या विमानात वजनाचा फार विचार करावा लागतो. दोन माणसं आणि पेट्रोल घेतलं की वर फारसं काही मावत नाही. म्हणून क्लबातल्या तराजूवर आमची पिशवी तोलली, आणि तिला बजावलं, ‘जेवढं जाताना, तेवढंच येताना. मावशी काहीही देईल. घ्यायचं नाही. तोळाभरसुद्धा जास्त नको.’

‘तुमचं पोट तोललंत का?’ तिने विचारलं. मेकॅनिक तोंड फिरवून हसला.

शनिवारी सकाळी थंडी बरी होती आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. हे मी नमूद करतो, कारण मला त्याचा फार आनंद झाला. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडवायचं असतं. वारा समुद्रावरून आला असता तर दिघ्यांच्याच वाटेने, त्याच पाण्यावरून जावं लागलं असतं. सुमती त्या बाजूला बघत होती.

आमच्या या विमानात दोन बैठका शेजारी शेजारी आहेत, पंख डोक्यावर, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. बिनतारी यंत्र वगैरे थाट नाही. मनोऱ्यावरून हिरवा दिवा दाखवला की निघायचं. मेकॅनिकने पंखा हाताने फिरवून दिला, इंजिन खोकत खोकत जागं झालं, हिरवा दिवा लागला, आणि आम्ही धावपट्टीवरून सुटलो. सुमतीने डोळे मिटले नाहीत. पदर कमरेला खोचून ती अशी बसली होती की जणू कुणाचं तरी भांडण सोडवायला निघालीय.

समोर सांताक्रूझचा मोठा विमानतळ आहे. तिकडे मोठी विमानं येतात, आमच्यासारख्या चिलटांनी तिकडे फिरकायचं नाही. म्हणून लगेच डावीकडे वळलो. खाली नारळाची झाडं, वर्सोव्याची खाडी, मग गिल्बर्ट हिलचा तो काळा सुळका आणि त्याच्या माथ्यावरचं गावदेवीचं देऊळ. विमानात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी ओरडलो, ‘ते बघ आपलं घर.’

तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं गहिवरली. मग माझ्या कानाशी येऊन ती ओरडली, ‘गच्चीवर लुगडं वाळत घातलंय. चिमटे लावायचे राहिले.’

पवईचं तळं मागे पडलं, डाव्या हाताला विहार आणि तुळशी, मधे हिरवंगार रान. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याची खाडी सकाळच्या उन्हात चकाकत होती. आम्हा हौशी वैमानिकांचा खरा वाटाड्या म्हणजे आगगाडीचे रूळ. नकाशा उलटा धरला तरी रूळ चुकत नाहीत. कल्याणला फाटा फुटतो, उजवीकडचा पुण्याला, डावीकडचा नाशिकला. इथे उजवीकडे जाऊन कर्जतला पोचलेले आणि ‘नाशिकला एवढे डोंगर कधी झाले’ म्हणून बुचकळ्यात पडलेले सभासद आमच्या क्लबात आहेत. मी डावा फाटा धरला.

टिटवाळा आल्यावर सुमतीने हात जोडले आणि एकदम खाली घेतले. ‘काय झालं?’ मी विचारलं.

‘अहो, गणपती खाली आणि आपले पाय वर. असा नमस्कार चालतो का?’

हा प्रश्न विमानविद्येच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी म्हणालो, ‘पाय वर घेऊन बस.’ तर तिने खरंच बैठकीवर मांडी घातली आणि मग नमस्कार केला. मांडी घातलेली बाई शेजारी घेऊन उडणारा त्या दिवशी आकाशात मी एकटाच असेन. माझी मलाच गंमत वाटली. तिने मात्र हसून पाहिलं नाही, आणि मला पुन्हा आठवलं की आपण सहलीला निघालेलो नाही, परीक्षेला बसलोय.

कसाऱ्याचा घाट जवळ आला. घाटाच्या तोंडाशी वारा वरखाली होतो आणि छोट्या विमानाला चांगले हिसके बसतात. आधीच दोन घिरट्या घालून मी उंची मिळवली होती. तरी एकदा विमान असं खाली बसलं की मी दोन्ही हातांनी दांडा आवळला. सुमतीने पदराच्या गाठीतून आवळासुपारी काढली, अर्धी माझ्या तोंडात घातली, अर्धी आपल्या. ‘बैलगाडीत यापेक्षा जास्त आदळतं,’ ती म्हणाली. वसईच्या रस्त्यांवर वाढलेली बाई, तिला घाटाचं काय कौतुक.

इगतपुरी ओलांडली आणि वरचं पठार लागलं. काळी जमीन, हरभऱ्याचे चौकोन, मधूनच एखादी विहीर. नाशिकचा विमानतळ गावाबाहेर आहे. पाहतो तर पट्टीवर निवांत गाई. मी अगदी खालून एक फेरी मारली, गाई हलेनात. दुसरी मारली तेव्हा राखणदार काठी घेऊन धावत आला आणि त्याने त्या हाकलल्या. उतरल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, उद्या यायचं. रविवारी गाई नसतात.’ का नसतात ते त्याने सांगितलं नाही. टांगा मिळेपर्यंत त्याने आम्हाला खाट टाकून दिली आणि सुमतीला विचारलं, ‘बाई, भ्या वाटलं का?’

‘उतरताना वाटलं,’ ती म्हणाली. ‘गाईंसाठी.’

मावशी पंचवटीत राहतात. सत्तरी उलटलेल्या, ठेंगण्या, आवाज मात्र नदीपलीकडे जाईल असा. आम्ही टांग्यातून उतरलो तर दारात ओवाळायला उभ्या. ‘लेक विमानातनं आली गं बाई माझी,’ असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून हळूच, ‘जावईबापू, वरती तहान लागली तर काय करता हो?’ खरं म्हणजे त्यांना वेगळंच काही विचारायचं होतं. मी म्हणालो, ‘निघायच्या आधी सगळं उरकून घेतो.’ मावशींनी समाधानाने मान हलवली.

जेवायला बाजरीच्या भाकरी, भाजलेल्या वांग्यांचं भरीत, दह्यातली मिरची आणि लोण्याचा गोळा. बाजरीची भाकरी आणि लोणी यांच्यापुढे माझी सगळी वजनाची तत्त्वं पार गळून पडली. दुपारी ताणून दिली. संध्याकाळी आम्ही दोघंच गोदावरीच्या काठावर जाऊन बसलो. घाटावर दिवे सोडत होते. सुमतीने पाण्यात पाय सोडले. इतक्या दिवसांत ती माझ्या इतक्या जवळ बसली नव्हती, आणि मला राहवेना.

‘मग? काय ठरवलंस?’

‘अजून परत जायचंय ना,’ ती म्हणाली.

‘दिघेवहिनी काही म्हणाल्या का तुला? त्या वेळी?’

‘म्हणाल्या,’ एवढंच ती बोलली. मग उठली, लुगड्याचे ओले काठ पिळले आणि म्हणाली, ‘चला, मावशी वाट बघेल.’ मी पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. उडण्याची नव्हे, ते सुटण्याची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या आयुष्यात नवं काही यायचं नसतं, आणि हे एक मला उशिरा मिळालं होतं. त्या रात्री मावशींच्या माजघरात मी छताकडे बघत पडलो होतो. शेजारी सुमतीचा श्वास संथ चालला होता. तिला झोप लागली असं समजून मी कूस बदलली.

रविवारी सकाळी नाशिकला आकाश लख्ख होतं. राखणदाराने पंखा फिरवायला मदत केली, गाई खरोखरच आडव्या आल्या नाहीत, आणि आम्ही झोकात निघालो. इगतपुरीपर्यंत सगळं ठीक. घाटाच्या काठावर आलो आणि खाली पाहिलं तर कोकण नाहीसं झालेलं. थंडीच्या दिवसांत सकाळी खालच्या मुलखावर धुकं साचतं हे मला माहीत होतं, पण इतकं दाट मी कधी पाहिलं नव्हतं. रूळ नाहीत, नदी नाही, गाव नाही; नुसता पिंजलेला कापूस, आणि त्यातून वर आलेली डोंगरांची टोकं.

परत फिरायला हवं होतं असं आता घरी बसून म्हणता येतं. तेव्हा वर ऊन होतं, विमान छान चाललं होतं, आणि पायांपाशी बसवलेलं होकायंत्र होतं. मी जुहूची दिशा होकायंत्रावर धरली आणि सरळ निघालो. अर्ध्या वाटेवर धुकं विरेल असा हिशेब होता.

धुकं विरलं नाही. बऱ्याच वेळाने समोर एक झाडीने भरलेला डोंगर धुक्यातून वर आलेला दिसला. मला हायसं वाटलं. ‘कान्हेरीचे डोंगर,’ मी सुमतीला ओरडून सांगितलं. ‘आता डावीकडे विहारचं तळं दिसेल.’ डावीकडे तळं नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. डोंगराचा आकारही ओळखीचा वाटेना. हे कान्हेरी असेल तर पलीकडे सांताक्रूझ, तिथली मोठी विमानं, आणि हे कान्हेरी नसेल तर पलीकडे काय, समुद्र? पेट्रोलचा काटा मी उगाचच दोनदा बोटाने टिचकावला.

सुमती माझ्या कानाशी आली. ‘चुकलो का आपण?’

‘नाही,’ मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढे खोटं फार वेळ टिकत नाही. ‘हो,’ मी म्हणालो. ‘चुकलोय.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मग आता काय करायचं असतं?’

हा प्रश्न तिने ज्या आवाजात विचारला, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. दूध नासलं तर ती याच आवाजात विचारते, मग आता काय करायचं. मी तिला सांगितलं, की असं झालं तर धावत सुटायचं नसतं. डोंगरापासून लांब, सावकाश घिरट्या घालायच्या आणि खाली ओळखीचं काही दिसतं का पाहायचं. ‘मग तुम्ही विमान बघा, मी खाली बघते,’ ती म्हणाली.

तीन-चार घिरट्या झाल्या. धुक्याला भोकं पडू लागली होती. सुमतीने माझा दंड घट्ट धरला. ‘मिठागरं. पांढरी मिठागरं बघा. आणि पूल. अहो, खाडीत मधे बेट आणि दोन्ही बाजूंना पूल. हे पाणजू आहे. पाणजूच्या शेजारून मी लहानपणी होडीतनं जायची.’ आणि मग हळूच, पण मला ऐकू आलं, ‘तो आमचा किल्ला.’

खाली वसईचा किल्ला होता. माडांच्या गर्दीत त्याचे काळे तट आणि मधली मोडकी चर्चं, अगदी स्पष्ट. तो डोंगर कान्हेरीचा नव्हता, तुंगारेश्वरचा होता. जुहूला जायचं सोडून मी बायकोला थेट तिच्या माहेरी घेऊन आलो होतो. सुमतीने खिडकीच्या काचेला हात लावला. तिच्या आईवडिलांचं घर कधीच विकलं गेलं, पण ते कुठे होतं हे तिने मला बोटाने दाखवलं, आणि मी तिच्यासाठी वसईवर एक पूर्ण फेरी मारली. पेट्रोल होतं तेवढं.

आता रूळ मिळाले होते. त्यांच्यावरून दक्षिणेला निघालो, भाईंदर, दहिसर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रूळ चाललेत दक्षिणेला आणि होकायंत्र भलतंच काहीतरी सांगतंय. यंत्र बिघडलं म्हणावं तर काल झकास चालत होतं. माझी नजर सुमतीच्या पायांकडे गेली. आमची पिशवी तिने पायांत, होकायंत्राला अगदी चिकटून ठेवली होती.

‘पिशवीत काय आहे?’

‘काही नाही. खलबत्ता.’

‘कसला?’

‘मावशीचा. लोखंडी. किती दिवसांपासून मला हवा होता.’

लोखंडाजवळ होकायंत्राची सुई बहकते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी ओरडलो, आणि या वेळी इंजिनामुळे नव्हे. ‘तुला सांगितलं होतं ना, तोळाभर वजन जास्त नको म्हणून?’

‘मग कुठे जास्त आहे?’ तीही ओरडली. ‘मावशीकडे वाण्याचा तराजू आणवला. माझी दोन लुगडी, शाल, तुमचा धाबळीचा कोट आणि तांब्या तिथेच ठेवला. खलबत्त्याला बरोब्बर तोलून. वजनाचं बोलला होतात. लोखंडाचं कुठे बोलला होतात?’

नव्हतो बोललो. बोरिवली येईपर्यंत मी घुश्शातच विमान हाकलं आणि कांदिवलीला मला हसू फुटलं. ती माझ्याकडे रागाने बघत होती, मग तीही हसायला लागली. मालाडवरून आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत गेलो. गोरेगावला खाली स्टुडिओच्या आवारात पुठ्ठ्याचा राजवाडा उभा केला होता, आरेच्या कुरणात म्हशी होत्या, धुकं विरून गेलं होतं आणि सगळं धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. आमच्या गच्चीवरून गेलो तेव्हा लुगडं जागच्या जागी होतं.

जुहूला उतरलो. आमच्या क्लबात एक रीत आहे. बाहेरगावी उडून आलेल्याने व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचं, सफर पहिल्यापासून सांगायची, आणि शेवटी आपली चूक सांगायची. चूक सांगितल्याखेरीज चहा मिळत नाही. एकाची चूक दुसऱ्याने ऐकलेली असली तर ती दुसऱ्याला करावी लागत नाही, असं आमचे मुख्य शिक्षक फिरोजशा म्हणतात. त्या दिवशी आमच्या आधी सामंत वकील बडोद्याची सफर सांगत होते. दमणच्या पोर्तुगीज हद्दीवरून जाऊ नये म्हणून ते इतके आत शिरले, की भलत्याच गावाच्या मैदानावर उतरून पाटलाला ‘हे कुठलं राज्य?’ असं विचारून आले. हसून हसून मंडळी बेजार झाली होती.

मग फिरोजशा म्हणाले, ‘डॉक्टर, आज तू नको. आज बाई सांगेल.’

सुमतीने आढेवेढे घेतले नाहीत. पदर सारखा करून ती त्या खुर्चीत बसली. मी खांबाला टेकून उभा राहिलो. निकाल इथेच लागणार हे मला कळून चुकलं होतं, आणि दवाखान्यात दाढ उपटून घ्यायला आलेल्या माणसांचे चेहरे तसे का होतात तेही कळलं.

तिने सगळं सांगितलं. मांडी घालून केलेला नमस्कार, गाई, धुकं. ‘वरती हे मला म्हणाले, चुकलोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.’ सगळे हसले. मग वसई सांगितली, आणि शेवटी खलबत्ता. ‘तेव्हा चूक माझी,’ ती म्हणाली.

‘खलबत्ता तिचा, चूक माझी,’ मी म्हणालो. ‘मी वजन सांगितलं, लोखंड सांगितलं नाही. आणि धुकं बघून परतलोही नाही.’

‘बरोबर,’ फिरोजशा म्हणाले. ‘पायलट डॉक्टर, तर चूकपण डॉक्टरची. द्या बाईला चहा.’

चहा आला. सुमतीने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. ‘यांची अजून एक चूक आहे,’ ती म्हणाली. मी खांब सोडून सरळ उभा राहिलो.

‘रविवारी पहाटे हे चोरासारखे उठतात. दिवा लावत नाहीत. बूट हातात घेऊन जिना उतरतात. यांना वाटतं, मी झोपलेय, कशाला उठवा, कशाला काळजीत टाका.’ ती बशीकडे बघत बोलत होती. ‘मी एकाही रविवारी झोपलेली नसते. डोळे मिटून पडते. उठले तर तोंडातून “जाऊ नका” निघेल, म्हणून उठत नाही. विमानाचा आवाज घरावरून गेला की मग उठते, आणि हे परत येईपर्यंत हाताला काम सुचत नाही. दिघेवहिनीही त्या सकाळी तशाच पडून होत्या. मी रोज जाऊन बसायची, तर त्या रोज मला तेवढंच सांगायच्या. जागी होते गं, आणि बोलले नाही.’

दिघ्यांच्या आठवणीने सगळ्यांच्याच माना खाली गेल्या. सामंत वकील उठून व्हरांड्याच्या कठड्यापाशी गेले.

‘मी यांना बंद करा म्हणून सांगायला आले होते,’ सुमती म्हणाली. ‘घरी हा माणूस सारखा कुरकुरत असतो. चहा गार झाला, पेपर कुणी चुरगळला. वर गेल्यावर एकदा कुरकुर केली नाही. चुकलो होतो तेव्हासुद्धा नाही. मी खालचं कमी आणि यांनाच जास्त बघत होते. आता मला बंद करा म्हणवत नाही.’ मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ‘पण यापुढे मला उठवून, सांगून जायचं.’

मला रडू आलं. चारचौघांत आलं आणि मी ते लपवलं नाही. फिरोजशांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि ते विमानांकडे निघून गेले.

प्रवासाला निघताना माणूस काय काय बघायचं ठरवतो. मी घाट पाहिला, गोदावरी पाहिली, धुक्याचा समुद्र पाहिला, आणि बायकोचं माहेर आकाशातून पाहिलं. पण जी माझ्या हाताभर अंतरावर रविवारच्या रविवार जागी पडलेली होती, तिला बघायला मला नाशिकला जाऊन यावं लागलं.

पुढच्या रविवारी मी दिवा लावला. खांद्याला हात लावून तिला हलवलं. आपल्यात घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. पण मी इतकी वर्षं ना जातो म्हणालो होतो, ना येतो.

‘सुमे, येतो गं.’

‘या,’ ती म्हणाली. ‘नीट या.’ तिने कूस बदलली, आणि मी दाराशी बसून बूट घालेपर्यंत घोरायला लागली.